भाड्याचे घर : कायद्याने दिलेला हक्क आणि अल्लाहला द्यावयाचा हिशेब

घर ही अल्लाहच्या मोठ्या देणग्यांपैकी एक आहे. सूरह अन्-नहलच्या ८० व्या आयतीत माणसाला याची आठवण करून दिली आहे की त्याच्या घराला विसाव्याचे ठिकाण अल्लाहनेच बनविले. या आयतीत मालकीचे घर आणि भाड्याचे घर असा भेद केलेला नाही. ज्या छपराखाली कुटुंब निर्धास्तपणे झोपते ते त्याचे घर. म्हणून घर भाड्याने देणारा आणि घेणारा यांच्यातील व्यवहार चार भिंती आणि काही रुपये यांपुरता संपत नाही. त्यात एका कुटुंबाची शांती आणि दुसऱ्या कुटुंबाची उपजीविका गुंतलेली असते.

महाराष्ट्रात गेल्या पाऊणशे वर्षांत भाड्याविषयीचा कायदा अनेकदा बदलला. कधी पारडे भाडेकरूकडे झुकले, तर कधी मालकाकडे. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे तर एकाच वेळी या दोन्ही पारड्यांत बसलेली आहेत. समजा, रत्नागिरीकडच्या एखाद्या गावातून मुंबईत आलेल्या आजोबांनी डोंगरीत पागडीची खोली घेतली. त्यांच्या नातवाने पुढे मुंब्र्यात एक फ्लॅट घेतला आणि तो भाड्याने दिला. हा नातू महिन्याच्या सुरुवातीला जुन्या खोलीचे तीनशे रुपये भाडे देतो आणि चार दिवसांनी फ्लॅटचे बारा हजार रुपये भाडे घेतो. खोलीच्या मालकाने भाडे वाढविण्याचा विषय काढला की त्याला कायद्याची कलमे आठवतात. फ्लॅटमधील भाडेकरूने दोन महिन्यांची सवलत मागितली की त्याला बाजारभाव आठवतो.

सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या प्रारंभीच अशा लोकांच्या विनाशाची वार्ता दिली आहे, जे लोकांकडून घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देण्याची वेळ आली की माप कमी करतात. यालाच आपण मराठीत ‘मापात पाप’ म्हणतो. धान्याच्या दुकानातील खोटे माप आपल्याला चटकन दिसते, पण भाड्याच्या व्यवहारातील दुहेरी माप सहसा दिसत नाही. या लेखात आपण कायद्यातील बदल समजून घेऊ आणि त्याचबरोबर हेही पाहू की कायद्याने दिलेला प्रत्येक हक्क अल्लाहच्या दरबारातही हक्कच ठरतो काय.

इजारा : वापराचा सौदा

इस्लामी फिकहमध्ये भाड्याच्या कराराला ‘इजारा’ म्हणतात. यात वस्तू विकली जात नाही, तिचा ठरावीक काळापुरता वापर विकला जातो. घराची मालकी मालकाकडेच राहते. भाडेकरूच्या हाती घर ‘अमानत’ म्हणून असते. त्याच्या हयगयीमुळे किंवा अतिवापरामुळे नुकसान झाले तर तो जबाबदार असतो. मात्र नेहमीच्या वापराने झालेली झीज किंवा त्याच्या दोषाविना झालेली हानी त्याच्यावर लादता येत नाही.

हा करार वैध होण्यासाठी दोन गोष्टी स्पष्ट असणे आवश्यक आहे : भाडे किती आणि मुदत किती. सूरह अल्-कससच्या २७ व्या आणि २८ व्या आयतींत मदयनमधील एका वृद्ध सत्पुरुषाने आदरणीय मूसा (अलै.) यांच्याशी केलेल्या मजुरीच्या कराराचे वर्णन आहे. त्यात आठ वर्षांची मुदत ठरली आणि दोन वर्षे वाढविणे मूसा (अलै.) यांच्या इच्छेवर सोडले गेले. त्या वृद्धाने हेही सांगितले की त्यांना अडचणीत टाकण्याची आपली इच्छा नाही. शेवटी दोघांच्या बोलण्यावर अल्लाहला साक्षी ठेवण्यात आले. मुदत स्पष्ट, मोबदला स्पष्ट, दुसऱ्याची अडचण होऊ नये ही भावना आणि अल्लाहची साक्ष. मजुरीचा करार असो वा घराचा, उत्तम इजाऱ्याचे चारही घटक या दोन आयतींत सापडतात.

कायद्याचा प्रवास

दुसऱ्या महायुद्धानंतर आणि फाळणीच्या काळात मुंबईत घरांची तीव्र टंचाई होती. मालकांनी या टंचाईचा गैरफायदा घेऊ नये म्हणून १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्या पातळीवर बांधले गेले आणि कारणावाचून भाडेकरूला बाहेर काढणे अशक्य झाले. त्या काळात या कायद्याने लाखो कष्टकऱ्यांचे छप्पर वाचविले, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा उपाय अर्धशतकभर टिकला. धान्य, मजुरी, सिमेंट, पालिकेचा कर हे सारे वाढत गेले. भाडे मात्र तेथेच थांबले. भाड्यातून दुरुस्तीचा खर्चही निघेना, तेव्हा मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. चाळी खचू लागल्या. भाड्यासाठी नवी घरे बांधण्याचा उत्साह मावळला आणि घर शोधणाऱ्या नव्या कुटुंबांची अवस्था अधिकच बिकट झाली. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भाडे असे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरल्या आहेत.

त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तोवर पश्चिम महाराष्ट्र व कोकणात मुंबईचा, विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा आणि मराठवाड्यात हैदराबादचा असे तीन वेगवेगळे नियम चालत होते. त्यांच्या जागी संपूर्ण राज्यासाठी एकच कायदा झाला.

बदलाने कोणाला काय दिले?

मालकाला दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीचा हक्क मिळाला. ‘प्रमाण भाडे’ ठरविण्याचा आधार १९४० वरून १ ऑक्टोबर १९८७ वर आला आणि त्यापूर्वी दिलेल्या जागांच्या भाड्यात ५ टक्के वाढ मिळाली. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडे नियंत्रणाचे संरक्षण उरले नाही. भाडेकरूने योग्य कारणाविना सलग सहा महिने जागा वापरली नाही, परवानगीविना पोटभाडेकरू ठेवला किंवा मालकाला स्वतःसाठी जागेची खरी गरज असली, तर तो न्यायालयात ताबा मागू शकतो.

भाडेकरूचे मुख्य संरक्षण कायम राहिले. तो भाडे देण्यास तयार आहे आणि अटी पाळतो, तोवर त्याला काढता येत नाही. भाडे थकल्यास मालकाने लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिला ९० दिवस उलटल्याशिवाय दावा करता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह व दाव्याच्या खर्चासह भरली, तर घर वाचते. पाणी, वीज अशा आवश्यक सोयी मालकाला तोडता येत नाहीत आणि भाड्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. घर राहण्यायोग्य ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून भाड्यातून वळती करू शकतो. मात्र अशी वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असता कामा नये.

आता थोडा हिशेब करून पाहू. १९८७ साली एखाद्या खोलीचे भाडे १०० रुपये होते. ५ टक्के वाढीने ते १०५ झाले. पुढे दरसाल ४ टक्के वाढ चक्रवाढीने धरली, तरी पंचवीस वर्षांनी ते २८० रुपयांपर्यंतच पोहोचते. त्याचा चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी म्हणजे महिन्याला ७० रुपये. एवढ्यात एका खिडकीची काचही बसत नाही. मग त्या खोलीचे छत, जिना आणि तुळया कोण सांभाळणार? मालक म्हणतो, भाड्यात परवडत नाही. भाडेकरू म्हणतो, इमारत माझी नाही. दोघांचेही म्हणणे कायद्याला धरून आहे आणि इमारत मात्र खचत चालली आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील पाकमोडिया स्ट्रीटवर जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. अशा दुर्घटनांमागे अनेक कारणे असतात. पण ज्या घराची जबाबदारी सगळ्यांनी एकमेकांवर ढकललेली असते त्या घरात मुले झोपलेली असतात, हे विसरता येत नाही.

हानी सोसू नये आणि दुसऱ्याची हानी करू नये, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हदीसमधील तत्त्व आहे आणि फिकहच्या पायाभूत नियमांत त्याची गणना होते. हनफी आणि शाफई विद्वानांनी घराची मूळ दुरुस्ती ही मालकाची बाजू मानली आहे आणि घर राहण्यायोग्य उरले नाही तर भाडेकरूला करार सोडण्याची मुभा दिली आहे. परंतु हे सारे भाडे वाजवी आहे असे गृहीत धरून सांगितलेले आहे. ज्याला तीनशे रुपयांत दक्षिण मुंबईत राहता येते, त्याने दुरुस्तीच्या खर्चात मनापासून वाटा उचलणे हे मालकावर केलेले उपकार नव्हेत. तो न्यायाचाच भाग आहे.

पागडीचा प्रश्न

भाडे गोठले तेव्हा व्यवहार बंद पडला नाही, तो पडद्याआड गेला. नवा भाडेकरू एकरकमी मोठी रक्कम देऊ लागला, जुना भाडेकरू जागा सोडताना पैसे घेऊ लागला आणि त्यातील वाटा मालकाकडे जाऊ लागला. हीच पागडी. १९४७ च्या कायद्यात ती गुन्हा होती. १९९९ च्या कायद्याने कलम ५६ अन्वये अशी रक्कम घेणे वैध ठरविले. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. श्रद्धावंताच्या दृष्टीने मात्र तो येथून सुरू होतो.

जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने फेब्रुवारी १९८८ मधील आपल्या चौथ्या अधिवेशनात या विषयावर ठराव केला. अरबीत पागडीला ‘बदल-अल्-खुलूव’ म्हणतात. ठरावाचा सारांश असा : मालकाने नेहमीच्या भाड्याखेरीज सुरुवातीला एकरकमी रक्कम घेतली, तर ती ठरलेल्या मुदतीच्या भाड्याचाच भाग समजली गेल्यास वैध आहे. मुदत शिल्लक असताना मालकाने भाडेकरूला उरलेल्या काळाचा मोबदला देऊन घर रिकामे करून घेतले, तर तेही वैध आहे. भाडेकरूने उरलेल्या मुदतीचा हक्क मोबदला घेऊन दुसऱ्याला दिला, तर मूळ कराराच्या अटी आणि लागू नियम पाळून तेही चालते. परंतु दीर्घ मुदतीच्या करारात मालकाच्या संमतीविना नाही. आणि मुदत संपली असेल, करार स्पष्टपणे वा आपोआप वाढलेला नसेल, तर जागा सोडण्यासाठी पैसे मागणे वैध नाही, कारण आता त्या जागेवर मालकाचा हक्क अधिक आहे.

आपल्याकडील अडचण अशी की पागडीच्या बहुतेक व्यवहारांत मुदतच लिहिलेली नसते. म्हणून प्रत्येक खोलीचा इतिहास वेगळा तपासावा लागतो. ज्यांच्या आजोबांनी मालकाला भरघोस पागडी दिली आणि तिच्या बदल्यात कायमचा वापर मिळेल असे दोघांनी मनोमन मान्य केले, त्यांची स्थिती वेगळी आहे. ज्यांनी कधीच पागडी दिली नाही, साध्या भाड्याने जागा घेतली आणि आज ती रिकामी करण्यासाठी मालकाच्या वृद्ध विधवेकडे लाखो रुपये मागत आहेत, त्यांची स्थिती वेगळी आहे. आपल्याजवळची जुनी कागदपत्रे घेऊन जाणकार मुफ्तींचा सल्ला घ्यावा. शेजाऱ्याने घेतले म्हणून आपणही घेतले, हे उत्तर त्या दिवशी चालणार नाही.

कुलूप लावून ठेवलेल्या खोल्यांचाही विचार व्हावा. स्वतः दुसरीकडे सुखाने राहतो, पण पुढे पुनर्विकासात फ्लॅट मिळेल या आशेने जुन्या खोलीला कुलूप घालून नाममात्र भाडे देत राहतो, असे आपल्या ओळखीत कोणी ना कोणी असतेच. सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीत परस्पर संमतीने झालेल्या व्यापाराखेरीज एकमेकांची संपत्ती गैरमार्गाने खाण्यास मनाई केली आहे. येथे मालकाची संमती आहे, की केवळ त्याची हतबलता आहे, हे स्वतःच्या मनाला विचारावे.

मुलींचा हिस्सा

भाडेकरूच्या मृत्यूनंतर कायद्याने त्याची जागा त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाला मिळते. तसे कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. त्यामुळे बहुधा वडिलांजवळ राहणारा मुलगा भाडेकरू होतो आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे पावतीवर येत नाहीत.

हनफी मतानुसार करार करणाऱ्या व्यक्तीच्या मृत्यूने इजारा संपतो. शाफई आणि इतर बहुसंख्य विद्वानांच्या मते तो उरलेल्या मुदतीपुरता वारसांकडे जातो. कोकणातील आपली कित्येक कुटुंबे शाफई आहेत, तर राज्यातील इतर भागांतील बहुसंख्य हनफी. दोन्ही मतांत अमर्याद काळाची वंशपरंपरागत भाडेकरी कोठेही नाही. पण वडिलांनी पागडी भरलेली असेल आणि आता पुनर्विकासात त्या खोलीचे लाखो रुपये होत असतील, तर जे मूल्य वडिलांच्या पैशातून निर्माण झाले त्यात बहिणींचा वाटा आहे की नाही, हे भावाने एकट्याने ठरवू नये. सूरह अन्-निसाच्या ७ व्या आयतीने आई-वडिलांच्या मालमत्तेत, ती थोडी असो वा फार, पुरुषांप्रमाणेच स्त्रियांचाही वाटा ठरविला आहे. भाडेपावतीवर नाव कोणाचे, हा कायद्याचा प्रश्न आहे. वारसा कोणाचा, याचे उत्तर अल्लाहने दिलेले आहे.

लिव्ह अँड लायसन्स आणि ‘हेवी डिपॉझिट’

आजचे बहुसंख्य नवे व्यवहार लिव्ह अँड लायसन्स कराराने होतात. कायद्याच्या कलम ५५ नुसार हा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. उलट करार नोंदलेला असेल आणि मुदतीनंतर घर सोडले नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन तुलनेने लवकर ताबा मिळवू शकतो आणि रिकामे होईपर्यंत दुप्पट रक्कम मागू शकतो.

दोन-पाच हजारांचा खर्च वाचविण्यासाठी आपल्यातील पुष्कळ लोक आजही तोंडी व्यवहार करतात. ‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला?’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. परंतु सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार, लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नये असे सांगितले आहे. लिहिल्याने विश्वास कमी होत नाही, उलट त्याचे रक्षण होते.

येथे एका विशेष गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘हेवी डिपॉझिट’ म्हणून पाच-दहा लाख रुपये मालकाला द्यायचे आणि त्या बदल्यात भाडे न देता किंवा नाममात्र भाड्याने राहायचे, घर सोडताना पूर्ण रक्कम परत घ्यायची, ही पद्धत आपल्या वस्त्यांतही रूढ आहे. दोघांनाही ती सोयीची वाटते. परंतु मालक ती रक्कम वापरतो, म्हणून फिकहच्या दृष्टीने ते कर्ज ठरते. आणि कर्ज दिल्याबद्दल मिळणारा फुकट निवारा हा कर्जावरील लाभ ठरतो. याच कारणाने उलमा या व्यवहाराला व्याजाचेच एक रूप मानतात आणि शंभर-दोनशे रुपये नावापुरते भाडे लावल्याने त्याचे स्वरूप बदलत नाही असे सांगतात. सुरक्षिततेपुरती माफक अनामत आणि परिसरातील रास्त भाडे, हा निर्धोक मार्ग आहे.

केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदा या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. हा विषय राज्यांच्या अखत्यारीत असल्याने राज्यांनी तो स्वीकारला तरच लागू होतो आणि तोही केवळ नव्या करारांना. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालू आहे. आदर्श कायद्यात भाडे दोघांच्या संमतीवर सोडले आहे, पण निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही. करारात वेगळे ठरले नसेल तर भाडे बदलण्यापूर्वी तीन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते. घरात येण्यापूर्वी मालकाने किमान चोवीस तास आधी कळवावे लागते. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये, हा सूरह अन्-नूरच्या २७ व्या आयतीतील आदेश आपल्याला ठाऊक आहेच. भाड्याने दिलेले घर मुदत संपेपर्यंत भाडेकरूचे घर असते, मग किल्लीची एक प्रत मालकाजवळ का असेना.

नाव ऐकून दिलेला नकार

एक वेदना आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली आहे. फ्लॅट पसंत पडतो, भाडे ठरते आणि नाव सांगितल्यावर ‘सोसायटीत चालणार नाही’ असे उत्तर येते. खासगी मालकाच्या अशा नकारावर १९९९ च्या कायद्यात उपाय नाही आणि आदर्श कायद्यातही तशी तरतूद नाही. हा अन्याय आहे आणि सनदशीर मार्गाने त्याविरुद्ध बोलत राहिले पाहिजे.

परंतु आपण मालक असतो तेव्हा काय करतो? जात विचारून, गाव विचारून, दुसऱ्या मसलकचा म्हणून, घटस्फोटित स्त्री म्हणून किंवा मुले जास्त म्हणून आपणही दार लावून घेतो काय? सूरह अल्-माइदाच्या ८ व्या आयतीत सांगितले आहे की एखाद्या लोकसमूहाच्या शत्रुत्वामुळेही तुम्ही न्याय सोडू नये. जो स्वतः नकाराची झळ सोसतो, त्याच्या दारी तरी तशी झळ दुसऱ्याला लागू नये.

निकाल जिंकलेला, तरीही अग्नी

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आदरणीय उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. प्रेषित (स.) यांनी सांगितले की, आपण मनुष्य आहोत आणि लोक आपल्याकडे तंटे घेऊन येतात. कदाचित एखादा आपली बाजू अधिक प्रभावीपणे मांडेल आणि ऐकलेल्या गोष्टींवरून निकाल त्याच्या बाजूने लागेल. परंतु अशा निकालाने ज्याला आपल्या बांधवाच्या हक्कातील काही मिळाले, त्याने ते घेऊ नये, कारण तो त्याच्यासाठी अग्नीचा तुकडा आहे.

विचार करा, स्वतः अल्लाहच्या प्रेषितांनी दिलेल्या निकालानेही दुसऱ्याचा हक्क हलाल होत नसेल, तर लघुवाद न्यायालयाच्या निकालाने किंवा कायद्याच्या एखाद्या कलमाने तो कसा होईल? कायदा पुरावे पाहतो आणि त्याने तेच पाहावे. त्याचे पालन करणे आपले कर्तव्य आहे. त्यावाचून दुर्बळाला संरक्षण नाही. पण कायदा ही किमान मर्यादा आहे. खोटी ‘स्वतःची गरज’ दाखवून भाडेकरूला काढणारा मालक आणि खोट्या साक्षीने दुसऱ्याची जागा बळकावणारा भाडेकरू, दोघेही खटला जिंकू शकतात. इतरांची एक वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचा जोखड पडेल, ही ताकीदही याच दोन संग्रहांत आहे.

वक्फच्या जागांत राहणाऱ्यांनी आणि दुकाने चालविणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नमूद केले की, देशातील वक्फ मालमत्तांचे वार्षिक उत्पन्न सुमारे १६३ कोटी रुपये होते. त्यांचा योग्य वापर झाला तर ते सुमारे १२,००० कोटी होऊ शकते. या तफावतीमागे अतिक्रमण आहे, गैरव्यवस्था आहे आणि नाममात्र भाडेही आहे. मशिदीच्या गाळ्याचे जुन्या दराने भाडे देऊन बाजारभावाने नफा कमावणाऱ्याने, अनाथांच्या आणि विद्यार्थ्यांच्या ताटातून किती जाते, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

आजपासून काय करावे?

मालकाने करार लेखी करावा, त्याची नोंदणी करावी आणि प्रत्येक महिन्याची पावती द्यावी. अनामत रक्कम वेळेवर परत करावी आणि रंगाच्या किंवा खिळ्यांच्या निमित्ताने ती अडवू नये. भाडेकरू खरोखर अडचणीत असेल, तर सूरह अल्-बकराच्या २८० व्या आयतीनुसार त्याला मुदत द्यावी. कायदा ९० दिवस देतो. ईशभय बाळगणारा मनुष्य त्याहून मोठे मन दाखवू शकतो.

भाडेकरूने ठरलेल्या दिवशी भाडे द्यावे. ऐपत असताना देणे लांबविणे हा जुलूम आहे, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे. कायद्याने लागू झालेली ४ टक्के वाढ मालकाने मागण्याची वाट न पाहता द्यावी. घर अमानत समजून वापरावे, परवानगीविना पोटभाडेकरू ठेवू नये आणि मुदत संपल्यावर किल्ली द्यावी.

दोघांनी वाद झाल्यास प्रथम मोहल्ल्यातील विश्वासू जाणकारांसमोर बसावे. तेथे न मिटल्यास न्यायालयात जावे, पण खोट्या कागदाशिवाय आणि खोट्या साक्षीशिवाय.

या महिन्यात घरच्यांसह बसून पुढील चार प्रश्नांवर विचार करावा :

१. आपण राहतो किंवा भाड्याने देतो त्या जागेचा करार लेखी आहे काय? त्यात भाडे आणि मुदत स्पष्ट आहे काय?
२. आपण दिलेली किंवा घेतलेली अनामत रास्त आहे, की तिच्या आडून भाडे माफ झाले आहे?
३. वडिलोपार्जित खोलीच्या किमतीत आपल्या बहिणींचा किंवा आत्यांचा हिस्सा राहून गेला आहे काय?
४. आपण समोरच्याच्या जागी असतो, तर आज घेतो तेच भाडे न्याय्य मानले असते काय?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणताही कायदा देऊ शकत नाही. ते ज्याचे त्याने द्यायचे आहे. या जगातील प्रत्येक घर शेवटी भाड्याचेच आहे. त्याची मुदत आपल्याला ठाऊक नाही आणि किल्ली परत मागणारा खरा मालक एकच आहे. त्याच्यासमोर उभे राहू तेव्हा आपल्या हिशेबात कोणाच्या छपराचा हक्क शिल्लक नसावा. अल्लाह आपणा सर्वांना हलाल उपजीविका, न्यायाने वागण्याची बुद्धी आणि शांतीचे घर प्रदान करो. आमीन.